कोरी परत आलेली पुस्तकं



एप्रिल अर्धा सरला की शाळेच्या फाटकाशी एक प्रश्न हमखास कानावर येतो. "मॅडम, सुट्टीत हिला वाचायला काय देऊ?" नाशिक शहरातल्या माझ्या मैत्रिणीही फोन करून हेच विचारतात. फरक एवढाच की गंगापूर रोडला राहणाऱ्या आईला पुस्तकांची यादी हवी असते आणि माझ्या शाळेतल्या आईला 'मोबाइल मागणार नाही असं कायतरी' हवं असतं. पूर्वी मी दोघींनाही चटकन पाच-सहा नावं सांगून मोकळी व्हायचे. आता तसं करत नाही. आधी तीन-चार प्रश्न विचारते. असं का, ते सांगायला दोन उन्हाळ्यांची गोष्ट सांगावी लागेल. पहिल्या उन्हाळ्यात माझं चुकलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी पंचवटीत राहते आणि निफाड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चौथीपर्यंतची शाळा. गावाभोवती द्राक्षबागा आणि कांदा. आमच्याकडे शिक्षक वर्गाबरोबर वर चढतात, म्हणजे पहिलीला हातात आलेली मुलं चौथीपर्यंत आपलीच. तेव्हा माझा वर्ग दुसरीत होता आणि वर्गात सतरा मुली होत्या. त्या वर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या कार्यक्रमात, गावातल्या एका बागाईतदार काकांनी 'मुलींच्या पुस्तकांसाठी' म्हणून तीन हजार रुपये दिले. शाळेला असे पैसे क्वचितच मिळतात. मी हरखून गेले. शनिवारी शाळा सुटल्यावर मेन रोड गाठला आणि दोन पिशव्या भरून पुस्तकं आणली.

काय आणलं होतं मी? बोधकथा, पऱ्यांच्या आणि राजकन्यांच्या गोष्टी, थोर स्त्रियांची छोटी चरित्रं. मुलींसाठी म्हणून जे जे गुलाबी आणि जे जे आदर्श, ते सगळं. दुकानात उभं राहून मी एकही पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं नव्हतं. मुखपृष्ठ बघायचं, किंमत बघायची, पिशवीत टाकायचं. १ मे रोजी झेंडावंदन झाल्यावर निकालपत्रकाबरोबर प्रत्येकीच्या हातात एक पुस्तक ठेवलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "पुस्तक फाटता कामा नये. डाग पडता कामा नये. जूनमध्ये जसंच्या तसं परत हवंय."

आणि खरोखर, जूनमध्ये बरीच पुस्तकं जशीच्या तशी परत आली. एका मुलीनं तर पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून, वरून प्लास्टिकची पिशवी गुंडाळून आणलं होतं. पान उलगडलं तर नव्या कागदाचा वास येत होता. मी तिला पुढे बोलावलं, वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हटलं, "बघा, पुस्तक असं सांभाळायचं असतं." ती खाली मान घालून उभी होती. मला वाटलं, लाजतेय.

पुढच्या आठवड्यात वाचन घ्यायला लागले तेव्हा लक्षात आलं. एप्रिलमध्ये ही मुलगी चार ओळींचा परिच्छेद न अडखळता वाचत होती. आता 'पुस्तक' शब्दातल्या 'स्त'पाशी थांबत होती. 'म्हातारी'ला 'महातारी' म्हणत होती. मी म्हटलं, "बरं, सुट्टीतल्या पुस्तकातली गोष्ट सांग." ती बोलेना. दोनदा विचारलं तेव्हा डोळे भरून आले. "मॅडम, मी नाही वाचलं."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. तिची आई नुकतीच कामावरून आली होती. मी म्हटलं, "ताई, पोरीला पुस्तक दिलं होतं, तिनं उघडलंसुद्धा नाही का हो?" त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवलं. "तिथं ठेवलं होतं मॅडम. खाली ठेवलं असतं तर बारक्यानं फाडलं असतं. मग तुम्हाला भरून कुठून द्यायचं?" बारक्या तेव्हा दीड वर्षाचा होता. सुट्टी लागल्यापासून आई रोज सकाळी कांदा काढायला जायची आणि बारक्याला ही सांभाळायची. सात वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ. दीड महिना पुस्तक फळीवर आणि ती खाली. मध्ये माझं वाक्य उभं होतं : फाटता कामा नये.

आणि मी त्याच न वाचलेल्या पुस्तकासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

मित्रांनो, 'मुलींना काय वाचायला द्यावं' या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न असतो : मुलीची सुट्टी कशी असते? आमच्या भागात एप्रिलमध्ये बागांची खरड छाटणी असते, उन्हाळ कांद्याची काढणी असते. घरातल्या बायका बाहेर आणि घर मुलींच्या अंगावर. पाणी, भांडी, धाकटं भावंडं. त्याच घरातला त्याच वयाचा मुलगा दुपारभर क्रिकेट खेळून येतो. शहरात चित्र वेगळं असतं, पण फार वेगळं नसतं. तिथे छंदवर्ग, पोहणं, मामाचं गाव आणि उरलेल्या वेळात मोबाइल. दोन्हीकडे 'आता ही माझी वाचायची वेळ' असं म्हणायची सवय मुलीला कुणी लावलेली नसते. म्हणून मी आता पहिला प्रश्न विचारते तो हा : ही वाचणार कधी, कुठे बसून आणि तेव्हा तिच्या मांडीवर कोण असणार?

दुसरी गोष्ट मी केली ती म्हणजे परत आलेली सगळी पुस्तकं स्वतः वाचून काढली. दोन संध्याकाळी लागल्या. वाचताना वहीत एकच नोंद करत गेले : या गोष्टीत मुलगी काय करते? बहुतेक ठिकाणी ती रडत होती, वाट बघत होती, आज्ञा पाळत होती किंवा बक्षीस म्हणून कुणाला तरी मिळत होती. स्वतःच्या डोक्यानं काही ठरवणारी मुलगी तीनच पुस्तकांत सापडली. माझ्याच पैशांच्या हिशेबाच्या वहीत हा दुसरा हिशेब लिहिलाय, अजून आहे.

चरित्रांचं तर आणखी वाईट. जन्म, गाव, वडिलांचं नाव, विवाह, कार्य, पुरस्कार, मृत्यू. परीक्षेचं उत्तर वाटावं असं. सावित्रीबाईंनी आणि जोतीरावांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे वाक्य माझ्या वर्गातल्या सगळ्यांना पाठ आहे. पण एकदा परिपाठात मी मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. फुल्यांच्या शाळेत शिकलेली ही मुलगी. साधारण चौदा वर्षांची असताना तिनं आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे ऐकल्यावर एकीनं लगेच विचारलं, "मॅडम, मग तिला कुणी रागावलं नाही का?" हा खरा वाचकाचा प्रश्न. चरित्राच्या पुस्तकानं असा प्रश्न पडू दिला तर ते पुस्तक घ्यावं. नाहीतर आपणच तोंडी गोष्ट सांगितलेली बरी.

आता दुसरा उन्हाळा. या वेळी मी चार गोष्टी बदलल्या.

पहिली, निवड मुलींच्या हातात दिली. पैसे पुन्हा जमवावे लागले, थोडे माझे, थोडे सहकारी सरांचे. मार्चपासून पुस्तकं गोळा करत गेले आणि एप्रिलच्या एका शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून सगळी मांडली. मुलांनाही बोलावलं, कारण आदल्या वर्षी "आम्हाला का नाही?" असं ते विचारत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलींना एवढंच सांगितलं, "उचला, चाळा, आवडलं नाही तर ठेवून द्या." पहिली पंधरा मिनिटं कुणी हात लावेना. मग सुरू झालं. माझ्या अंदाजाला इतके धक्के बसले की विचारू नका. जिला मी मनातल्या मनात परीकथा देऊन ठेवली होती, तिनं ट्रॅक्टर आणि जेसीबीची चित्रं असलेलं माहितीचं पुस्तक छातीशी धरलं. तिचे वडील ट्रॅक्टरवर आहेत, हे मला माहीत होतं, पण पुस्तक निवडताना ते आठवलं नव्हतं. दोघी-तिघींनी किड्यांचं पुस्तक पळवलं. मुलींना माहितीची पुस्तकं आवडत नाहीत, हा माझा समज तिथेच गेला. मुलींनी मुलगा नायक असलेल्या गोष्टी सहज उचलल्या. मुलगी नायिका असलेलं पुस्तक मात्र मुलांपैकी एकानंच उचललं आणि तेही इकडेतिकडे बघून. यावर आपल्याला वर्गात काम करायला हवं. राधाची गोष्ट यशनंही वाचायला हवी.

दुसरी गोष्ट, पाच बोटांची युक्ती. मुलीला पुस्तकातलं मधलं एखादं पान मोठ्यानं वाचायला सांगायचं. न कळलेल्या किंवा अडलेल्या प्रत्येक शब्दाला तिनं एक बोट मिटायचं. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक तिनं एकटीनं वाचायला जड आहे. एकही मिटलं नाही तर फार सोपं. दोन-तीन मिटली तर बरोबर. मराठीत मी यात एक भर घातली आहे : जोडाक्षरं बघा. गोष्ट सोपी, पण वाक्यावाक्याला जोडाक्षरं असतील तर दुसरीतलं मूल दमतं. दमलं की 'मला वाचता येत नाही' असं स्वतःलाच सांगतं. जड पुस्तक बाद करू नका. ते तुम्ही वाचून दाखवायच्या ढिगात ठेवा.

तिसरी गोष्ट, नियम उलटा केला. सगळ्यांसमोर सांगितलं, "पुस्तक फाटलं तर चालेल. चिकटवून आणा. नाही चिकटवता आलं तर तसंच आणा. न वाचता आणलेलं मात्र चालणार नाही." हे म्हणायला धीर लागतो, कारण शाळेच्या साठा नोंदवहीत प्रत्येक पुस्तक लिहिलेलं असतं आणि तपासणीत उत्तर आपल्याला द्यायचं असतं. त्यावर एक मार्ग काढला. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि त्या छापून घ्यायला परवानगी आहे. मी काही गोष्टींच्या प्रिंट काढल्या, मधोमध पिना मारल्या आणि प्रत्येकीला एक चांगलं पुस्तक आणि एक 'फाटलं तरी चालेल' पुस्तक दिलं. ज्या घरात बारक्या आहे तिथे दोन.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. १ मे रोजी आयांना थांबवून घेतलं. मोठं भाषण केलं नाही. म्हटलं, "ताई, दुपारी जेवणानंतर अर्धा तास हिला काम सांगू नका. बारक्याला घेऊन बसू द्या आणि त्याला मोठ्यानं वाचून दाखवू द्या." एका आईनं विचारलं, "म्हणजे पोरगं पण सांभाळलं जाईल ना?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर हे हो म्हणताना मला बरं वाटलं नाही. मुलीला वाचायला वेळ मिळावा म्हणून तो भावाला सांभाळण्याच्या नावाखालीच का मिळावा? पण मे महिन्यात कांदा शेतात असताना मला यापेक्षा चांगलं उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर नक्की वापरा.

शेजारी राहणाऱ्या दोघी-दोघींच्या जोड्याही लावल्या. आपलं वाचून झालं की बदलून घ्यायचं. ही कल्पना माझी नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं २००९ साली आपल्या नाशकातूनच 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. त्यात पुस्तकांची पेटी वाचकांच्या एका गटाकडून दुसऱ्या गटाकडे फिरते. तेच आम्ही छोट्या प्रमाणात केलं, पेटीऐवजी दोन पुस्तकं.

आता यादी. तुम्ही त्याचीच वाट बघत असाल.

पहिली-दुसरीच्या मुलींसाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी बघा. 'राधाचं घर'मध्ये राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. वाक्यं लहान, चित्रं बोलकी आणि शेवटी उपदेश नाही. 'यशच्या गोष्टी'ही अशाच रोजच्या जगण्यातल्या. मोठ्यानं वाचायला विंदा करंदीकरांच्या बालकविता ठेवा, 'एटू लोकांचा देश', 'परी गं परी'. कविता कडेवर मूल घेऊनही म्हणता येते, हा तिचा मोठा फायदा.

तिसरी-चौथीला पुरंदऱ्यांनीच संपादित केलेली 'वाचू आनंदे'ची मालिका चांगली. वेगवेगळ्या लेखकांचे तुकडे आहेत, कुठूनही उघडता येते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलींना द्या, बिनधास्त द्या. साहस ही मुलांची जहागीर नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत बघायला मिळतात. मासिकाचा उपयोग असा की कोडं, चित्र, गोष्ट यातलं काहीतरी प्रत्येकीला सापडतंच.

आणि काही पुस्तकं घरातल्या मोठ्यांनी वाचून दाखवायची. 'तोत्तोचान' आपण डी.एड.ला वाचलेलं असतं. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली एक जपानी मुलगी आणि पहिल्याच भेटीत चार तास तिचं बोलणं ऐकून घेणारे मुख्याध्यापक. आपण ते शिक्षकांचं पुस्तक म्हणून कपाटात ठेवतो. रोज एक प्रकरण वाचून दाखवा, मुली हलत नाहीत. दुसरं 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ साली आपल्या नाशिकच्याच तुरुंगात लिहिलं, हे मुलांना आवर्जून सांगा. पण आठ वर्षांच्या मुलीच्या हातात ते एकटीनं वाचायला देऊ नका. रात्री एक एक प्रकरण आईबाबांनी वाचावं. शहरात राहत असाल तर सार्वजनिक वाचनालय आहेच, १८४० पासूनचं. मुलीला बरोबर न्या आणि पुस्तक तिलाच निवडू द्या. तुम्ही पाठीमागे हात बांधून उभे राहा. जमणं कठीण आहे, मला माहीत आहे.

जून उजाडला. पुस्तकं परत आली ती बघून कुणालाही राग आला असता. कोपरे दुमडलेले, एकावर हळदीचा अंगठा, एकाची पानं भाताच्या शितांनी चिकटवलेली. दोन पुस्तकं परत आलीच नाहीत. त्यातलं एक ज्या मुलीकडे होतं तिचे आईवडील कामासाठी दुसरीकडे गेले. ती दाखला न नेताच गेली आणि पुस्तकही तिच्याबरोबर गेलं. ते तिच्याजवळ असावं, एवढीच इच्छा. नोंदवहीत त्यापुढे मी पैसे भरून सही केली. सगळ्या मुलींचं वाचन सुधारलं असंही नाही. चार-पाच जणी एप्रिलमध्ये होत्या तिथेच होत्या. पण कुणी मागे गेली नव्हती.

आणि ती, आदल्या वर्षी कोरं पुस्तक आणणारी. तिच्या पुस्तकाचं शेवटचं पान अर्धं गायब होतं. "बारक्यानं खाल्लं," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "मग शेवट काय झाला ते आम्हाला कसं कळणार?" तिनं पुस्तक मिटलं आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, अर्ध्या गायब पानासकट. पुढे एकदा तिची आई बारक्याला घेऊन शाळेत आली होती. तो वर्गाच्या दारात उभा राहून त्या गोष्टीतलं एक वाक्य बोबड्या बोलात म्हणत होता. आई हसून म्हणाली, "याला पण पाठ झालंय सगळं. आता दुपारी हाच पुस्तक आणून देतो तिच्या हातात."

या वेळी मी टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत. दुसरं पुस्तक काढून तिच्या हातात दिलं.

तेव्हा या सुट्टीत मुलीसाठी पुस्तक निवडताना गोष्टीतली मुलगी काय करते ते बघा, जोडाक्षरं बघा आणि निवड शेवटी तिच्यावरच सोडा. पण पुस्तक घरात आल्यावर ते फळीवर ठेवू नका. खाली ठेवा, तिचा हात पोचेल असं. आणि दुपारचा अर्धा तास तिला द्या.

जूनमध्ये पुस्तक हातात आलं की मी आता आधी डाग शोधते.